‘ही चाल कुणाकडची?’ : फिडल वाजवणाऱ्या मिगमाव आजोबांचं आयुष्य कसं उतरवून घ्यावं

पहिल्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात वही उघडून बसले आणि विचारलं, ‘तुमचा जन्म कधीचा?’ आजोबांनी सांगितलं. ‘शाळा किती?’ तेही सांगितलं. ‘फिडल कधी शिकलात?’ ‘लहानपणी.’ मग ते खिडकीबाहेर बघत बसले, मी वहीत बघत बसले, आणि किटलीतलं पाणी आटून निम्मं झालं. चाळीस मिनिटांत माझ्या हाती जे लागलं ते रेशनकार्डाच्या एका पानावर मावलं असतं.

पुढे तीन वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले. त्यातून जे कळलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण केप ब्रेटनला, म्हणजे कॅनडाच्या पूर्वेकडच्या या बेटावर, शिकायला येणाऱ्या मुलांमध्ये आता मराठी मुलंही बरीच दिसतात. कुणाच्या सामानात तबला असतो, कुणाच्या हातात व्हायोलिन (इथे त्यालाच फिडल म्हणतात). दोनेक महिन्यांनी एखाद्याचा निरोप येतोच : ताई, इथल्या मूळनिवासी मिगमाव वादकांना भेटून त्यांच्यावर लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

आधी माझं सांगते, म्हणजे माझ्या सल्ल्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मिरजेची. नऊ वर्षं व्हायोलिन शिकले, खाली मांडी घालून, सा-प-सा-प लावून. सिडनीला आले (ऑस्ट्रेलियातलं नव्हे, कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशियात आहे ते) आणि फी भरण्यासाठी वृद्धाश्रमात रात्रपाळी धरली. तिथे माझ्याबरोबर पाळी करणारी मुलगी निघाली या आजोबांची नात. ती म्हणाली, ‘तू व्हायोलिन वाजवतेस? मग माझ्या आजोबांना भेटच.’ त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. का ते पुढे येईल.

जाण्याआधी

शब्द नीट करून घ्या. लोक म्हणजे मिगमाक. एक माणूस, किंवा भाषा, गाणं, घर यांच्या आधी लावायचं तर मिगमाव. केप ब्रेटन बेटाला ते उनामागी म्हणतात. एस्कसोनी हे त्यांचं सगळ्यात मोठं गाव, ब्रा दोर तळ्याच्या काठाला, सिडनीहून गाडीने पाऊण तास. भेटल्यावर ‘क्वे’, निघताना ‘वेलालिन’. वेलालिन म्हणजे धन्यवाद. उच्चार चुकला तर कुणी रागावत नाही, हसतात. हसू द्या, तेवढीच ओळख लवकर होते.

दुसरं, कान तयार करा. केप ब्रेटनचं फिडल स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेल्या लोकांनी आणलं, अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्यापर्यंत जहाजं येत राहिली तेव्हा. मार्च, स्ट्रॅथस्पे आणि मग रील (तीन वेगवेगळ्या लयींच्या चाली) असा एकामागून एक वाजवायचा क्रम, शेजारी पियानो, आणि समोर कुणीतरी पाय आपटत नाचणारं. मिगमाक लोकांनी ते शेजाऱ्यांकडून उचललं आणि आपलं केलं. ली क्रीमो (१९३८–१९९९) ऐका. पॉटलोटेक या मिगमाक गावातला जन्म, एस्कसोनीत आयुष्य, वडीलही फिडलवाले, आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मॅरिटाइम प्रांतांतल्या फिडलच्या स्पर्धा त्यांनी कित्येकदा मारल्या. त्यांचा गज ऐकताना तबल्यातला कायदा ऐकतोय असं वाटतं, इतके सगळे बोल सुटे. मग आजच्या पिढीतला मॉर्गन टोनी ऐका. तो मिगमाव गाणी आणि फिडल एकत्र करतो आणि त्याला ‘मिगमॉल्टिक’ (मिगमाक आणि केल्टिक मिळून) म्हणतो. ‘कोजुआ’ हे जुनं नाचाचं गाणं त्याच्याकडून ऐकलंत तर दोन प्रवाह कसे मिसळतात ते न सांगता कळेल.

एवढं ऐकूनही मी जाऊन काय विचारावं? ‘पण आजोबा, फिडल तर मूळचं स्कॉटिश लोकांचं ना?’ त्यांनी माझ्या पायाशी ठेवलेल्या व्हायोलिनच्या पेटीकडे बघितलं. ‘आणि हे तुमच्याकडे झाडाला लागतं?’

हा प्रश्न विचारू नका.

काय घेऊन जावं

वडीलधाऱ्यांकडे काही मागायला जाताना तंबाखू द्यावी असं मी वाचलं होतं. दुकानातून एक पुडी घेतली. आजोबा पुडीकडे बघून म्हणाले, ‘डॉक्टरने बंद केलीय.’ मी कानापर्यंत लाल. पण मग त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आत गेले आणि सेंट अ‍ॅनच्या तसबिरीपाशी ठेवून आले. ती ओढायला दिलेली नसतेच, मागण्याआधी देण्याची ती रीत आहे. तरी घरागणिक फरक असतो. जाण्याआधी घरातल्या कुणालातरी विचारा. पुढच्या खेपांना मी चहापत्ती आणि बेसनाचे लाडू नेले. लाडू त्यांना फार आवडले असं म्हणता येणार नाही, पण त्यांच्या मुलीने लुस्किनिगन नावाचा जाड पाव तव्यावर टाकला आणि सांगितलं की तुझ्या त्या गोळ्यांपेक्षा हा बरा. बरा होता.

व्हायोलिन मात्र जरूर न्या, येत असेल तर. वाद्य नेलंत तर तुम्ही विचारायला आलेले राहत नाही, शिकायला आलेले होता. थंडीत वाद्य गाडीत सोडू नका. आणि घरात हीटर चालू असतो तेव्हा हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकतं. माझ्या व्हायोलिनची खालची शिवण पहिल्याच जानेवारीत उघडली. आजोबांनी पेटीत ठेवायला ओला स्पंज दिला, भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घालून.

प्रश्न एकच

आता मुद्द्याचं. तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी वही पिशवीतच ठेवली. आजोबा एक रील वाजवत होते. संपल्यावर तोंडातून सवयीने निघून गेलं, ‘ही चाल कुणाकडची?’ आपल्याकडे आपण हे रोज विचारतो : ही बंदिश कुणाकडून मिळाली? ही चीज कुठल्या घराण्याची? त्यात काही हुशारी नव्हती.

आजोबांनी फिडल मांडीवर ठेवलं. ही मामाकडची, म्हणाले. मामाला कुणाकडून? ईस्ट बे गावच्या एका स्कॉट शेतकऱ्याकडून. तिथे कसा गेला मामा? कुऱ्हाडीचे दांडे आणि टोपल्या विकायला. दारोदार फिरायचे, आई टोपल्या विणायची, अ‍ॅश लाकडाच्या पट्ट्या काढून. शेतकऱ्याकडे पैसे नसायचे. तो ओट द्यायचा, बटाटे द्यायचा, आणि पाऊस लागला तर राहा म्हणायचा. राहिलं की संध्याकाळी फिडल. मामाने ती चाल एका रात्रीत कानात भरून आणली, पण दुसरा भाग वाटेत विसरला, म्हणून स्वतःचा जोडला. ‘त्यामुळे स्कॉट लोक ही ऐकतात तेव्हा निम्म्यात त्यांचा चेहरा बदलतो.’

एका चालीत मामा, आई, टोपल्या, शेजार, भूक आणि विनोद. जन्मतारीख विचारून यातलं काही आलं नसतं.

तेव्हा पद्धत ही : वहीचं डावं पान चालीसाठी, उजवं माणसांसाठी. डावीकडे चालीचं नाव (नाव नसेल तर ‘मामाची, जी मध्ये बदलते ती’ असंही चालेल) आणि पहिले चार-सहा स्वर. मी सारेगमतच लिहायचे. उजवीकडे : कुणाकडून आली, कुठल्या घरात, कुणाच्या लग्नात किंवा मयताला वाजली, आणि आता ती कुणाला येते. सनावळ्या विचारू नका, त्या आपोआप लागतात. ‘ही एस्कसोनीला यायच्या आधीची’ असं ते म्हणायचे, तेवढ्यावर काळ ठरायचा. कारण १९४२ मध्ये सरकारने ठरवलं की नोव्हा स्कोशियातल्या सगळ्या मिगमाक लोकांना दोनच ठिकाणी आणायचं, एस्कसोनी आणि शुबेनाकडी. लहान लहान वस्त्यांतून माणसं उचलून आणली. आजोबा तेव्हा पाच वर्षांचे. ओल्या लाकडाची घरं मिळाली, हिवाळ्यात फळ्या आक्रसल्या आणि फटींतून बर्फ आत यायचा. हे त्यांनी मला सांगितलं ते एका मार्चच्या नावाखाली. त्या फटी बुजवताना वडील ती चाल शिटीवर वाजवत होते म्हणून.

तीन वर्षांत साठ चाली झाल्या. त्यातल्या एकवीसच्या उजव्या पानावर त्याच मामाचं नाव आहे. मामाचा एकही फोटो घरात नाही.

वाजवताना

शिकायला गेला असाल तर मार खायची तयारी ठेवा, म्हणजे शाब्दिक. माझा गज लांब, आणि प्रत्येक स्वरावर जाताना मी मींड घ्यायचे. आजोबा डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘कोण गेलं?’ मी म्हटलं, म्हणजे? ‘इतकं रडतंय ते, कुणीतरी गेलं असणार.’ इथे स्वरागणिक गज फिरतो, छोटा, मनगटातून. एका स्वराचे तीन झटपट तुकडे करायचे, त्याला ‘कट’ म्हणतात. बॅगपाइपच्या बोटांची ती नक्कल. मला तो नीट यायला आठ महिने लागले. उजव्या हाताचं मनगट सैल सोडा, गज निम्म्यापलीकडे नेऊ नका, आणि पाय आपटा. पाय आपटल्याशिवाय कट बसत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

एक दिवस मात्र माझी बारी आली. त्यांनी खालच्या दोन तारा एकेक स्वर वर चढवल्या. ‘हाय बेस’, म्हणाले, ‘जुने लोक असं लावायचे.’ नेहमीचं जी-डी-ए-ई, आता झालं ए-ई-ए-ई. मी मोकळ्या तारांवर गज फिरवला आणि खुर्चीतच सरळ झाले. सा-प-सा-प! मिरजेतल्या खोलीत नऊ वर्षं कानांनी ऐकलेलं, अगदी तेच. फक्त आम्ही तारा उतरवून लावतो आणि ते चढवून. मी खाली जमिनीवर बसले, फिडलचं डोकं पायावर टेकवलं आणि त्यांना थोडा भूप वाजवून दाखवला. या वेळी रडण्याबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, ‘तू खाली बसतेस म्हणून तुझ्या संगीताला पाय नाहीत.’ याला स्तुती म्हणायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

(तुम्ही हे करून बघणार असाल तर खुंटी सावकाश फिरवा. माझी जीची तार तुटून मनगटावर बसली. वळ आठवडाभर होता.)

ध्वनिमुद्रण

आधी विचारा. दर वेळी विचारा. मागच्या वेळी हो म्हणाले म्हणजे आज हो असं नाही. फोन टेबलावर ठेवू नका, पायाचा ठोका टेबलातून चढतो आणि बाकी काही ऐकूच येत नाही. घडी घातलेल्या टॉवेलवर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा. पण पायाखाली सतरंजी घालून ठोका दाबायला जाऊ नका. तो गेला की चाल लंगडी होते.

फ्रिजची घरघर फार त्रास देते. परवानगी घेऊन बंद करा, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. ही युक्ती मला नंतर कळली. त्याआधी एका शनिवारी मी फ्रिज बंद ठेवून सिडनीला परत आले, आणि रात्री नऊला त्यांच्या मुलीचा फोन : वरच्या कप्प्यात मूसचं (इथल्या मोठ्या हरणाचं) मांस होतं, हिवाळ्याचं, भाच्याने मारलेलं. पुढच्या खेपेला मी हात हलवत गेले नाही, एवढंच सांगते.

मुद्रण कुणाचं? घरच्यांचं. तुमचं नाही. विद्यापीठाच्या प्रकल्पासाठी करत असाल तर केप ब्रेटन विद्यापीठात मिगमाव एथिक्स वॉच नावाची समिती आहे, मिगमाक लोकांविषयीच्या संशोधनाला त्यांची संमती लागते. आधी तिथे जा. आणि तुम्ही म्हणाल मी काही संशोधन करत नाही, मी नुसती हौशी. मीही हेच म्हणत होते. नातीने मला एकदा शांतपणे विचारलं, ‘हे तुझ्या फोनमध्ये आहे. तुझा फोन हरवला तर आजोबा कुठे?’ त्या दिवसापासून दोन प्रती : एक तिच्याकडे, एक माझ्याकडे, आणि माझी कुणाला ऐकवायची तर तिला विचारून. नाव न लिहिण्याचं कारणही तेच. तिने सांगितलं, चाली सांग, पद्धत सांग, नाव आमचं आम्ही सांगू.

रिकामं पान

साठ चालींमध्ये एक अशी आहे जिचं उजवं पान कोरं आहे. संथ चाल, फार तर दोन मिनिटांची. ‘ही कुणाकडची?’ मी विचारलं. आजोबा म्हणाले, ‘शाळेतली.’ आणि उठून लाकडं आणायला गेले. स्टोव्हपाशी लाकडं भरपूर होती.

शुबेनाकडीला निवासी शाळा होती, १९३० ते १९६७. मुलांना घरांतून नेऊन ठेवायचे, मिगमाव बोललं तर शिक्षा. एस्कसोनीच्या कवयित्री रीटा जो तिथेच शिकलेल्या. त्यांनी त्याबद्दल लिहिलं. आजोबांनी मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. कुणी आपणहून बोलायला लागलं तर आधी मुद्रण बंद करा, ‘अरेरे’ म्हणू नका, आणि घरातलं कुणी आसपास असेल असं बघा, कारण तुम्ही निघून जाणार आणि रात्र त्यांना काढायची असते. पान कोरं राहिलं तर राहू द्या. वहीत ते कोरं दिसतं, तेवढं पुरे.

फक्त फिडलच लिहू नका

मी वर्षभर त्यांना वादक म्हणून बघत होते. गावात त्यांचा मान त्यासाठी नव्हता, किंवा फक्त त्यासाठी नव्हता. ते गावाचे एल्डर, म्हणजे मानाचे वडीलधारे होते. एल्डर म्हणजे नुसतं वय झालेला माणूस नाही. ते पद कुणी जाहीर करत नाही आणि मागूनही मिळत नाही. मला ते दिसलं टेलिफोनवरून. धडा चालू असताना भिंतीवरचा फोन वाजायचा. कुणीतरी गेलेलं असायचं. आजोबा गज पुसायचे, कोट घालायचे आणि जायचे, मिगमावमध्ये प्रार्थना म्हणायला. रात्रभर मयताशेजारी बसून जुनी स्तोत्रं म्हणणारे आता थोडेच उरलेत. आपल्या गावात नाही का, कुणी वारलं की आधी भजनी मंडळातल्या त्या एका म्हाताऱ्याला निरोप जातो? तसंच. तेव्हापासून मी वहीच्या शेवटी फोनची यादी ठेवली : कुणाचा, कशासाठी, किती वाजता. शाळेतून, जमीन-झाडांच्या भांडणासाठी, मुलाचं मिगमाव नाव ठरवायला, आणि एकदा नुसतंच एका दारू सोडणाऱ्या पोराचा, रात्री अकराला. त्या यादीवरून त्यांचं आयुष्य जितकं कळतं तितकं माझ्या तिन्ही वह्यांतून कळत नाही.

वेळा सांभाळा. ऑगस्टमध्ये जाऊ नका, निम्मं गाव अमेरिकेत मेनला ब्लूबेरी काढायला गेलेलं असतं. आजोबाही सत्तरीपर्यंत जायचे, फिडल गाडीच्या डिकीत, घोंगडीत गुंडाळून. जुलैच्या शेवटी, २६ तारखेच्या आसपास, सेंट अ‍ॅनची यात्रा असते पॉटलोटेकच्या बेटावर. तिथे बोलावलं तर जा, पण वही नेऊ नका. जत्रेत कुणी मुलाखत घेतं का?

लिहून झालं की वाचून दाखवा, मोठ्याने, सगळं. मी एक ठिकाणी लिहिलं होतं, ‘गरिबीत वाढलेले’. आजोबांनी हात वर केला. ‘घरात तीन फिडलं होती,’ म्हणाले. ‘खोड ते.’ खोडलं.

सालिते

गेल्या फेब्रुवारीत भिंतीवरचा फोन त्यांच्यासाठीच वाजला.

पुरल्यानंतर सालिते असते. जेवण, आणि मग गेलेल्याच्या वस्तूंचा, लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव. पैसे घरच्यांना, खर्च भागवायला. कुणाचं आयुष्य लिहीत असाल तर इथे जायलाच हवं, आणि कसं वागायचं ते आधी माहीत हवं, म्हणून सांगते. त्यांची गजाला लावायची राळ लिलावाला आली. बेबीफूडच्या बाटलीत ठेवलेला, मधोमध खोबण पडलेला तुकडा. मला ती हवी होती. मी तीन डॉलर म्हटलं. कुणीतरी दहा म्हटलं. मी साडेदहा. शेजारच्या बाईने माझ्या दंडाला हात लावला. ‘पोरी, हा बाजार नाही. इथे भाव पाडत नाहीत, चढवतात.’ मंडईत वाढलेल्या माणसाला हे कळायला एक क्षण लागतो. मी चाळीस म्हटलं. दहावाला हसला आणि पंचेचाळीस म्हणाला, मुद्दाम. मी साठ म्हटलं, आणि बाटली मला मिळाली.

राळ अजून वापरते. थंडीत ती ठिसूळ होते, म्हणून आधी दोन मिनिटं मुठीत धरावी लागते.